बडोद्यातल्या मराठी घराण्यांचा इतिहास: कोणते कागद शोधायचे आणि कुठे

"आमचे मूळ पुरुष गायकवाडांबरोबर इकडे आले." दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ, बाबाजीपुरा, बडोद्यात कुठल्याही जुन्या मराठी घरात बसा, हे वाक्य कानावर पडतंच. नेमकं कोण आलं, कोणत्या साली आणि कुठल्या गावाहून, असं विचारलं की मात्र आजीकडे बोट दाखवलं जातं, आणि आजी म्हणते, "ते सगळं यांना ठाऊक होतं."

ही माहिती सगळीच हरवलेली नसते. बडोदा राज्य कागद जपणारं राज्य होतं आणि त्यातलं बरंच काही आजही शाबूत आहे. अडचण वेगळीच आहे. आपण दफ्तरात जाऊन "आमच्या घराण्याची माहिती आहे का?" असं विचारतो आणि "नाही" ऐकून परततो. तशा नावाची फाईल कुठेच नसते. सरकार कुणाच्या घराण्याचा इतिहास हौसेनं लिहून ठेवत नाही. कागद तयार होतो तो पैसा, जमीन, नोकरी किंवा मान यांचा प्रश्न उभा राहतो तेव्हा. म्हणून शोधाला लागण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: आपल्या पूर्वजाला पैसे कोण देत होतं? तो कुणाकडे पैसे भरत होता? आणि तो गेल्यावर त्याचं जे काही होतं ते कुणाला मिळालं? ज्या कचेरीला या प्रश्नांची उत्तरं हवी होती, तिनं ती लिहून ठेवली.

याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द राजघराण्यातलं आहे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं गेलं आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांनी दत्तक घ्यायचं ठरलं. नाशिककडच्या कवळाणे गावात गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. ही शाखा राजघराण्याचे संस्थापक पिलाजीराव यांचे पुत्र प्रतापराव यांच्यापासून चालत आलेली आहे की नाही, याची चौकशी झाली, वंशावळी तपासल्या गेल्या, आणि मग बारा वर्षांच्या गोपाळरावाचा सयाजीराव झाला. राज्याचा वारस ठरवायचा नसता, तर कवळाण्याच्या त्या शेतकरी कुटुंबाची वंशावळ इतक्या बारकाईनं कुणी लिहिली असती असं मला वाटत नाही. तुमच्या आमच्या घरातही प्रमाण लहान, पण नियम तोच.

आधी घर

कचेरीत जाण्याआधी घरातली कपाटं, माळा आणि देवघर उघडा. जुन्या लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, आहेराच्या वह्या, शाळेचे दाखले, पेन्शनची पुस्तकं, घराचे दस्त, विम्याचे कागद, फोटोंच्या मागच्या बाजूला लिहिलेली नावं, हे सगळं एकत्र करा. जन्मपत्रिकेला माझ्या मते सर्वांत जास्त महत्त्व द्यावं. तिच्यात जन्माची तिथी आणि वेळ असते, जन्मगाव असतं आणि पुष्कळदा वडील-आजोबांची नावंही असतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं जन्मगाव सांगणारा दुसरा कागद घरात सहसा नसतो.

देवघरात कुलदैवताचा टाक असेल तर तो कुठल्या देवाचा ते पाहा. कुलदैवत जेजुरीचं, तुळजापूरचं, कोकणातलं की गोव्यातलं, यावरून मूळ मुलखाचा अंदाज बांधता येतो. मराठा घराण्यांत लग्नात कोणतं देवक पूजतात, तेही लिहून घ्या. एकाच आडनावाची दोन कुळं वेगळी करायला ते उपयोगी पडतं.

आणि श्राद्धपक्ष. ज्या घरांत पक्ष रीतसर होतो, तिथे वडील, आजोबा, पणजोबा यांच्या बरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुष यांची नावं गोत्रासह उच्चारली जातात. महालयाला तर काका, आत्या, मामा, मावशी, सासरे असे सगळे येतात. ही यादी बहुतेक घरांत एका जुन्या वहीत असते, नाहीतर घरच्या गुरुजींकडे. सहा-सात पिढ्यांपासूनचं काही नाही, पण तीन पिढ्या आणि त्यांचे आडवे फाटे एका बैठकीत कागदावर येतात. एवढं हाती आल्याशिवाय पुढे जाऊच नये.

वडीलधाऱ्यांशी बोलताना "आपल्या घराण्याचा इतिहास सांगा" असं म्हणू नका, कुणालाच सांगता येत नाही. "तुमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं?", "सुट्टीत कुठल्या गावी जायचात?", "आजोबांची बदली कुठे कुठे झाली?" असे प्रश्न विचारा. बदलीचा प्रश्न बडोद्यात फार कामाचा आहे. बडोदा राज्य म्हणजे फक्त बडोदा शहर नव्हे. बडोदा, नवसारी, कडी आणि अमरेली असे प्रांत, शिवाय द्वारकेकडचं ओखामंडळ, असा त्याचा तुकड्या-तुकड्यांचा पसारा. प्रांतावरचा अधिकारी सुभा, महालावरचा, म्हणजे तालुक्यावरचा, वहिवाटदार. नोकरीतल्या मराठी माणसाची एक मुलगी अमरेलीला जन्मलेली आणि मुलगा पाटणला, हे अगदी नेहमीचं. त्या मुलीच्या जन्माची नोंद बडोद्यात शोधत राहिलात तर ती मिळणार नाही.

तीर्थक्षेत्रीच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या आहेत. यात्रेला आलेल्या माणसानं स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, गाव आणि तिथी लिहून खाली सही करायची, अशी पद्धत. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचं चित्रीकरण अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेनं केलं आहे आणि त्यातला काही भाग फॅमिलीसर्च या तिच्या मोफत संकेतस्थळावर आहे. तरी प्रत्यक्ष उपाध्यायांसमोर बसण्याला पर्याय नाही, कारण वही उघडायची कुठे हे त्यांनाच कळतं.

ते तुम्हाला पहिल्यांदा आडनाव आणि मूळ गाव विचारतील. इथेच बडोदेकर अडतात. तुम्ही "बडोदे" म्हणाल तर बडोद्याच्या यादीत सापडेल ते एवढंच, की कुणी तरी १९२० च्या सुमारास आलं होतं. त्याच्या मागची नोंद मूळ गावाच्या नावाखाली, कदाचित वेगळ्या वहीत, कदाचित दुसऱ्याच उपाध्यायांकडे असते. म्हणून बडोद्याची नोंद मिळाली की तिच्यात "मूळचे राहणार अमुक" असे शब्द आहेत का ते नीट वाचा. असले, तर त्या गावाची वही मागा. ज्याला आपण फक्त नावानं ओळखतो त्या पणजोबांचं स्वतःच्या हातचं अक्षर बघताना माणसं गप्प होतात, हे मी नाशिकला पाहिलं आहे. त्या भरात गाव, तर्फ, परगणा (गावाच्या वरचे जुने महसुली विभाग) लिहून घ्यायचं राहून जातं, म्हणून सोबत एक जण लिहायला ठेवावा. फोटो काढायचा तर विचारून काढा, दक्षिणा द्या, आणि आपल्या पिढीची नोंद स्वतः करून या. मुली आणि सुना यांची नावंही त्यात घाला. जुन्या वह्यांत ती क्वचितच असतात.

बडोदेकरांसाठी आणखी दोन जागा: नर्मदेकाठचं चाणोद आणि उत्तर गुजरातेतलं सिद्धपूर. सिद्धपूर मातृगयेचं ठिकाण आहे आणि बडोदा राज्यातच होतं. आईच्या श्राद्धासाठी तिथे गेलेल्या घरांना तिथल्या पुरोहितांकडे आईच्या बाजूची नावं मिळण्याची शक्यता असते.

कोणत्या लाटेबरोबर आलात

बडोदा १७३४ मध्ये मराठ्यांकडे आलं ते कायमचं. पण सगळी मराठी घरं तेव्हाची नाहीत. पहिली लाट अठराव्या शतकातली: शिलेदार, पागेदार, त्यांच्याबरोबरचे कारकून, भिक्षुक आणि बलुतेदार. यांचे कागद मोडीत आणि लष्करी, सरंजामी स्वरूपाचे. दुसरी मोठी लाट १८७५ नंतरची. सयाजीरावांच्या काळात शाळा, कचेऱ्या, तांत्रिक शिक्षणाचं कलाभवन, कॉलेज, रेल्वे, दवाखाने वाढले आणि पुणे, सातारा, कोकण, नाशिक, खानदेशातून शिकलेली माणसं आली. यांचे कागद नोकरीचे: नेमणूक, बदली, पगार, पेन्शन. तिसरी लाट स्वातंत्र्यानंतरची, विद्यापीठ आणि कारखान्यांच्या ओढीनं आलेली. त्यांचे कागद मालकाकडे आणि त्यांच्या मूळ जिल्ह्यात. आपलं घर कोणत्या लाटेतलं, एवढं ठरलं तरी निम्मं काम होतं, कारण त्यावरून कोणतं दफ्तर उघडायचं ते ठरतं. घरात "शिलेदार होतो" अशी कथा असेल आणि सगळ्यात जुना कागद १८९० मधला नोकरीचा असेल, तर कथा बाजूला ठेवून कागदापासून मागे जा.

कोठीतलं दफ्तर

बडोदा राज्य १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये हा भाग गुजरातेत आला. राज्याच्या हुजूर कचेरीचं दफ्तर मात्र बडोद्यातच राहिलं. कोठी आवारात गुजरात राज्य अभिलेखागाराचं दक्षिण वर्तुळ कार्यालय आहे, लोक त्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतात. ओळखपत्र, अर्ज आणि कशासाठी पाहायचं आहे ते लिहून दिलं की वाचायची परवानगी मिळते. जाताना तीन गोष्टी नेमक्या माहीत असल्या पाहिजेत: खातं, साधारण साल, ठिकाण. "आजोबा सरकारी नोकरीत होते" यावरून काही निघत नाही. "विद्याधिकारी कचेरी, १९१० ते १९३०, मेहसाणा" यावरून निघतं. तिथे विषयवार याद्या असतात, त्यांना फेरिस्त म्हणतात. माणसाचं नाव फेरिस्तीत सहसा नसतं, फाईलचा विषय असतो. "अमुक महालातील इनामांबाबत", "शिलेदारांचे वारस" अशा मथळ्याखाली आपला माणूस दडलेला असतो.

त्या फाइलींपर्यंत पोहोचण्याआधी छापील साधनं चाळा. राज्याची आज्ञापत्रिका म्हणजे सरकारी गॅझेट. नेमणुका, बदल्या, रजा, हुकूम तिच्यात छापून येत. राज्याच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या असत, त्यांत हुद्दा आणि पगारही मिळतो. बडोदा कॉलेज १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं होतं, त्यामुळे आजोबा पदवीधर असतील तर मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत वर्षवार यादीत त्यांचं नाव असतं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आणि विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी इथे अशी जुनी प्रकाशनं पाहायला मिळतात. राज्याच्या खर्चानं परदेशी शिकायला गेलेल्यांशी करार होत असत. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पूर्वजांपैकी कुणी असं शिकून आलं असेल तर ती फाईल फार बोलकी असते. जनगणनेचे अहवाल मात्र या कामासाठी उघडू नका. त्यांत आकडे असतात, माणसांची नावं नसतात.

१८५० च्या आधीचं काही हाती लागलं तर ते मोडीत असणार. मोडी शिकायला सांगितलं की लोक घाबरतात. खरं तर आपल्या कामाला पूर्ण मोडी यायची गरज नसते. आडनाव, गाव, नात्याचे शब्द आणि साल ओळखता आलं तरी पुष्कळ कळतं, बाकीचं जाणकाराकडून वाचून घेता येतं. एक नमुन्याची ओळ पाहा:

"आबाजी बिन रायाजी, मौजे अमुक, परगणे पेटलाद, दिमत हुजुरात पागा."

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. काही कागदांत त्या जागी वलद येतो. बाईच्या नावापुढे कोम किंवा भ्रतार आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. मौजे म्हणजे गाव, परगणे म्हणजे साधारण आजच्या तालुक्यासारखा घटक. दिमत म्हणजे कुणाच्या हाताखाली, कोणत्या पथकात. या एका ओळीत वडील, गाव आणि पगार देणारं खातं, तिन्ही मिळाली. आडनाव नाही, हेही लक्षात घ्या. जुन्या कागदांत ते नसणं नेहमीचं आहे, म्हणून आडनावावरच विसंबलेला शोध लवकर थांबतो.

सालांचा घोळ

चुकीची माणसं वंशावळीत शिरतात ती बहुतेक वेळा सालामुळे. मराठी कागदांत शालिवाहन शक, सुहूर सन, फसली सन असतात आणि गुजराती कागदांत विक्रम संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाअखेरच्या पौष-माघ-फाल्गुनात ७९. सुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. शिवाय सुहूर आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो आणि एककापासून सुरू होतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवले की जानेवारी १७६१ येतो, पानिपतचा महिना. दमाजी गायकवाड त्या लढाईत होते, त्यामुळे बडोद्याकडच्या कुणाच्या कागदात हे शब्द दिसले तर चमकून पुन्हा वाचा.

विक्रम संवताची आणखी एक मेख आहे. गुजरातेत तो कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. उत्तर हिंदुस्थानात चैत्रात. गुजराती कागदावरच्या संवतातून दिवाळी ते डिसेंबरअखेर ५७ वजा करा आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. ज्याला सगळा गुजरात छप्पनिया काळ म्हणतो तो संवत १९५६ चा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००. घरातल्या कुणी "आमची आजी छप्पनियात जन्मली" असं सांगितलं तर तारीख जवळजवळ मिळालीच असं समजा.

जमीन आणि पेढीनामा

माझ्या मते सगळ्या सरकारी कागदांत कुटुंबाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा कागद म्हणजे वारसाच्या नोंदीला जोडलेला पेढीनामा, महाराष्ट्रात ज्याला वंशावळ म्हणतात तो. खातेदार मेला की वारसांची नावं लावण्यासाठी तलाठ्यापुढे पंचांच्या सह्यांनी हे झाड काढलं जातं. मूळ पुरुष वर, त्याच्या खाली मुलं-मुली, कुणापुढे "मयत", कुणापुढे "निपुत्रिक", विधवा असेल तर तिचं नाव. कुणाला वगळलं तर तो भांडायला येणार, म्हणून सगळ्यांना लिहावंच लागतं. घरच्या आठवणीतून गळलेला लहानपणी वारलेला भाऊ, दुसरी बायको, दत्तक गेलेला मुलगा, हे इथे भेटतात.

गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही जुन्या मुंबई राज्यातले, म्हणून गावनमुन्यांचे क्रमांक सारखेच: सात-बारा, आठ-अ आणि फेरफारांचा नमुना सहा. गुजरातेत एनीआरओआर या सरकारी संकेतस्थळावर चालू नोंदींबरोबर जुने स्कॅन केलेले सात-बारा आणि नमुना सहाही पाहता येतात. आजच्या सात-बारावर फेरफार क्रमांक असतात. एक फेरफार उघडला की त्यात आधीचा क्रमांक मिळतो, आणि असं मागे मागे जाता येतं. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागा. वाडा विकून चाळीस वर्षं झाली असली तरी कार्डावर जुन्या मालकांची नावं राहतात.

इनामी घराण्यांसाठी एक खास जागा आहे. खासगी इनामं १९५२ च्या कायद्यानं आणि विलीन झालेल्या संस्थानांतली इतर माफीची वतनं १९५५ च्या कायद्यानं रद्द झाली. हक्क जाऊ नये म्हणून किंवा भरपाई मिळावी म्हणून इनामदारांनी जुन्या सनदांच्या नकला आणि वंशावळी सरकारात दाखल केल्या. घरातली सनद वाळवीनं खाल्ली असेल, तिची नक्कल जिल्ह्याच्या महसूल दफ्तरात असू शकते. कर्मचारी तोंडी विचारणीला दाद देत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली लेखी अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं घाला.

गुजराती कागद वाचताना एक लक्षात ठेवा. विनायकरावांचा विनायकभाई आणि लक्ष्मीबाईंच्या लक्ष्मीबेन झालेल्या असतात, आडनाव कधी आधी येतं, कधी गळतं, ऱ्हस्व-दीर्घ बदलतात. संगणकावर शोधताना निदान चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा. जन्मनोंदीत तर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव. तिथे बापाच्या नावानं, दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात शोधावं लागतं.

बायकांचा माग

हे काम सर्वांत कठीण आहे आणि मला सर्वांत जरुरीचं वाटतं. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, आपल्याकडे पहिलं नावही बदलायचे, आणि वंशावळीत ती "सौ." किंवा "कोम" म्हणून उरते, नाहीतर मुळीच उरत नाही. अर्धं घराणं असं पुसलं जातं.

तिचं माहेर शोधायला आहेराची वही काढा. तिच्या लग्नात माहेरकडून कुणी काय दिलं, ते नावनिशी तिथे असतं. लग्न ठरताना देण्याघेण्याची याद लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेत, ती एखाद्या ट्रंकेत दस्तांबरोबर ठेवलेली सापडते. तिच्या मुलाच्या श्राद्धाच्या यादीत मातामह म्हणून तिचे वडील आहेत, आजोबा आहेत. आणि बडोद्यात एक जास्तीचं साधन आहे. सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला, मुलींनाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलीचं माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात असण्याची शक्यता इथे इतर बऱ्याच मुलखांपेक्षा जास्त आहे. शाळा बंद झाली असली तर रजिस्टर जवळच्या चालू शाळेत किंवा शिक्षण समितीच्या कचेरीत गेलेलं असतं, तिथे विचारा. १९०४ मध्ये राज्यात बालविवाहाविरुद्ध कायदा झाला आणि तो मोडणाऱ्या पुष्कळ पालकांना दंड झाले. त्या प्रकरणांतही मुलींची नावं आणि वयं आली आहेत.

सीमेपलीकडचं मूळ गाव

मूळ गाव कळलं की शोध महाराष्ट्रात जातो. तिथले स्कॅन केलेले जुने सात-बारा आणि फेरफार अनेक जिल्ह्यांसाठी "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर आहेत. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या कोतवाल बुकात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या तपासासाठी महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांनी हे जुने मोडी कागद बाहेर काढले आणि कित्येक जिल्ह्यांनी ते संकेतस्थळांवर ठेवले. तुमचा उद्देश दाखल्याचा नसला तरी ती पानं वाचायला मोकळी आहेत.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, आणि १८५२ च्या कायद्यानं नेमलेल्या इनाम कमिशनपुढे घराण्यांनी दिलेल्या कैफियती, हा दख्खनमधल्या इनामदार-वतनदारांसाठी मोठा खजिना. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ च्या दरम्यान रियासतकार सरदेसाईंनी संपादित केले. त्याआधीची त्यांची सगळी नोकरी बडोद्यातच झाली, हे आपल्याला विशेष आपुलकीनं आठवावंसं वाटतं. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात छापील कुलवृत्तांतांचा चांगला संग्रह आहे. आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत निघाला असेल तर पहिल्यांदा तो पाहा, मात्र त्यातला प्राचीन भाग ऐकीव समजा आणि गेल्या दोनशे वर्षांचा भाग कागदाशी ताडून पाहा.

कुलवृत्तांत मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू घराण्यांचे निघाले. इतरांना कागदच नाहीत असा समज त्यातून पसरला, आणि तो चुकीचा आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली पाटील, कुलकर्णी, महार अशा वतनदारांची रजिस्टरं तयार झाली. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं संपली, तेव्हाच्या फायली आहेत. फौजेत गेलेल्यांचे पेन्शनचे कागद आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव येऊन वह्यांतून घराण्यांची नावं वाचतात. मूळ गाव कोल्हापूर-सांगलीकडचं असेल तर तिकडच्या भाऊबंदांना विचारा की आपला हेळवी कोण.

एकाच नावाची दोन माणसं

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. समजा घराण्यात गणेश विठ्ठल आहे, त्याचा मुलगा विठ्ठल गणेश, त्याचा पुन्हा गणेश विठ्ठल. १८६० आणि १९१० च्या दोन कागदांवर "गणेश विठ्ठल" दिसला की आपण तो एकच धरतो आणि दोन पिढ्या गायब होतात. यासाठी प्रत्येक माणसाची एक स्वतंत्र पट्टी करा: साल, गाव, कागद, आणि त्या कागदाची जागा. कुठला माणूस सत्तराव्या वर्षी शाळेत दाखल होताना किंवा मेल्यानंतर जमीन विकताना दिसला की दोन माणसं एकात मिसळली आहेत हे कळतं. दत्तकाची शक्यताही मनात ठेवा. बापाचं नाव मधेच बदललं तर चूक झाली असं लगेच समजू नका, दत्तकपत्र शोधा.

झाड मांडायला ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, साधी वहीही चालते. ज्या गोष्टीला कागद नाही तिच्यापुढे "ऐकीव" असं लिहा, आणि कुणी सांगितली ते नाव घाला.

सापडलेले मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यानं ते कायमचे खराब होतात. चिकटपट्टी लावू नका, पिना आणि क्लिपा काढून टाका, घड्या उलगडून कागद सपाट ठेवा. फोटोंवर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नाही. मोबाइलवर उजेडात सरळ फोटो काढून दोन वेगळ्या घरांत प्रती ठेवा, आणि त्यांतली एक तुमच्या आत्याच्या किंवा बहिणीच्या घरी असू द्या.